पोटातला रंग

आपल्याकडे रंग म्हटला की तो वरून लावायचा, असाच आपला समज असतो. भिंतीला चुना किंवा डिस्टेंपर, दाराखिडक्यांना तेलरंग, सणासुदीला उंबऱ्याला गेरू. वस्तू आधी तयार होते आणि रंग मागून येतो. पण रंगाची आणखी एक जात आहे. हा रंग वस्तूच्या अंगावर नसतो, पोटात असतो. स्वयंपाकघरातलाच दाखला द्यायचा तर बिर्याणी आणि केशरी भात यांचा देता येईल. बिर्याणीवर केशराचं दूध शिंपडतात; काही शितं पिवळी होतात, काही पांढरी राहतात, आणि तीच तिची शोभा. केशरी भातात मात्र प्रत्येक शित सारखं रंगलेलं लागतं. एखादा पांढरा पुंजका दिसला तर घरातली म्हातारी लगेच विचारते, केशर नीट कालवलं नव्हतं का? आज ज्या रंगीत सिमेंट-काँक्रीटविषयी बोलायचं आहे, त्याची सगळी कथा या केशरी भातासारखी आहे. रंग कोणत्या दुकानातून आणला यापेक्षा तो कालवला कसा, पसरला कसा आणि नंतर झाकून किती दिवस ठेवला, यावरच सगळं अवलंबून.

मी कविता लिहिणारा माणूस. या विषयाकडे मी आलो तो शब्दांच्या वाटेनं. बांधकामावरचे शब्द ऐकत राहावेत असे असतात. गवंडी ज्याला सुरखी म्हणतो तिच्यात फारसीतला ‘सुर्ख’ आहे, सुर्ख म्हणजे लाल. गिलाव्यात ‘गिल’ आहे, म्हणजे माती, चिखल. फरशीत ‘फर्श’ आहे, म्हणजे जमिनीवर अंथरलेलं. आणि त्यांच्याच शेजारी आपला गेरू बसलेला आहे, जो संस्कृतातल्या गैरिकापासून आला. कोणता शब्द कुठून आला हे घमेलं उचलणाऱ्याला ठाऊक नसतं आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. सगळे एकाच मालात कालवले गेले आणि घट्ट झाले.

सुरखीपासूनच सुरुवात करू. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची बारीक पूड. सिमेंट येण्याआधी आपल्याकडे ती चुन्यात मिसळत. त्यानं चुन्याला लालसर, गुलाबी छटा यायची, पण ती काही केवळ छटेसाठी घालत नसत. भाजलेल्या मातीतल्या सिलिका आणि ॲल्युमिना यांची चुन्याशी प्रक्रिया होते आणि नुसता चुना जिथं भुसभुशीत राहिला असता, तिथं ओलाव्यातही टिकणारा कठीण माल तयार होतो. म्हणून टाक्या, हौद, पूल, धरणं यांच्या बांधकामात सुरखीला मान होता. रोमन लोकांनाही ही विद्या माहीत होती. नेपल्सजवळच्या पोझुओली इथली ज्वालामुखीची राख ते चुन्यात घालत. जिथं ती मिळत नसे, तिथं कौलांचा आणि खापरांचा चुरा वापरत. त्यांच्या पाण्याच्या टाक्यांचा गिलावा त्यामुळे गुलाबी दिसतो. रोममधलं पॅंथिऑन इसवी सन १२५ च्या सुमारास उभं राहिलं. त्याचा ४३ मीटर व्यासाचा घुमट लोखंडाची एकही सळई नसताना आजही शाबूत आहे. म्हणजे रंग आणि मजबुती यांची सोयरीक फार जुनी आहे. त्या काळी रंग मजबुतीच्या मागोमाग, आपोआप यायचा.

आता सिमेंटकडे येऊ. २१ ऑक्टोबर १८२४ रोजी इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन यानं एका नव्या सिमेंटचं पेटंट घेतलं. हा ॲस्पडिन मूळचा गवंडी होता, हे मुद्दाम सांगायला हवं. त्यानं आपल्या मालाला ‘पोर्टलंड सिमेंट’ असं नाव दिलं. आपल्याला वाटतं, पोर्टलंड हे कारखान्याचं गाव असेल. तसं नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंड नावाचं बेट आहे आणि तिथला फिकट, पांढुरका दगड तिकडे फार नावाजलेला आहे. लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल त्याच दगडाचं. आपलं सिमेंट घट्ट झाल्यावर त्या दगडासारखं दिसतं, एवढं सांगण्यासाठी ॲस्पडिननं ते नाव घेतलं. ज्या वस्तूला आपण बेरंग, राखाडी म्हणून नाकं मुरडतो, तिचं बारसंच मुळी रंग आणि रूप पाहून झालेलं आहे!

मग सिमेंट राखाडी का? कारण त्याच्या चुनखडीत आणि मातीत असलेलं लोह. भट्टीत भाजताना या लोहाची जी संयुगं होतात, ती सिमेंटला काळपट राखाडी करतात. लोह जवळजवळ नसलेली चुनखडी आणि पांढरी माती निवडली, भट्टीची आच आणखी वाढवली, तर पांढरं सिमेंट मिळतं. पण ते महाग पडतं. आपल्याकडे साध्या सिमेंटचं मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झालं. पांढऱ्या सिमेंटचे मोठे कारखाने राजस्थानात उभे राहिले ते १९८० च्या दशकात. या दोन तारखांमध्ये सत्तर वर्षांचं अंतर आहे. आपल्या जुन्या घरांतल्या रंगीत जमिनी बहुतेक लाल किंवा काळ्याच का, पिवळ्या-हिरव्या इतक्या थोड्या का, याचं एक कारण या अंतरात आहे. राखाडी सिमेंटमध्ये लाल आणि काळा रंग खपून जातो. पिवळा, हिरवा, निळा मात्र मळकट होतो. त्यांना पांढऱ्या सिमेंटचं अस्तर लागतं, आणि ते परवडणारं नव्हतं.

लाल रंगाची गोष्टही लोहाचीच आहे. लोहामुळे सिमेंट करडं होतं आणि त्याला लाल करणारा रंगही लोहाचाच. कोकणातला जांभा दगड लाल असतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. गेरू, काव, हिरमजी या सगळ्या लाल मात्या त्याच कुळातल्या. बाजारात ज्याला ‘रेड ऑक्साइड’ म्हणतात ती हीच भुकटी. सोप्या भाषेत सांगायचं तर हा गंजाचा भाऊ. आणि त्याचं मोठेपण यातच आहे की जे गंजून चुकलं आहे ते आणखी गंजत नाही. ऊन, पाऊस आणि सिमेंटमधला जहाल चुना, तिन्ही त्याच्यापुढे हात टेकतात.

सगळ्या रंगांना हे जमत नाही. १७०० नंतरच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये ‘प्रशियन ब्लू’ हा सुंदर निळा रंग सापडला. चित्रकारांनी तो डोक्यावर घेतला. पण सिमेंटमध्ये घातला की चुन्याच्या संगतीत त्याचं विघटन होतं आणि निळ्याचा तपकिरी होऊन बसतो. कापडाचे बहुतेक सेंद्रिय रंगही इथं टिकत नाहीत. सिमेंटच्या परीक्षेत उतरले ते मोजके: लोहाचे लाल, पिवळे, काळे आणि त्यांच्या मिश्रणातले तपकिरी, क्रोमियमचा हिरवा, कोबाल्टचा निळा, टायटॅनियमचा पांढरा. खाणीतली काव दर खेपेला थोडी वेगळी निघते आणि तिच्यात मातीही असते. १९२५ च्या सुमारास जर्मनीत लॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या पद्धतीनं कारखान्यात लोहाचे रंग तयार होऊ लागले. गंमत अशी की ॲनिलिन हे रसायन बनवताना उरणारा लोखंडाचा काळा गाळ हा त्याआधी टाकाऊ माल होता. त्या गाळातून एकाच दर्जाचे, एकाच बारीकीचे रंग मिळू लागले. आजचा लाल आणि पुढच्या वर्षीचा लाल सारखा असेल, अशी हमी तेव्हा पहिल्यांदा देता येऊ लागली.

आपल्याकडे रंगीत सिमेंटचं सर्वांत देखणं रूप आलं ते लाद्यांमधून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दक्षिण फ्रान्समध्ये या लाद्या निघाल्या आणि स्पेन, उत्तर आफ्रिका, क्युबा करत जगभर गेल्या. आपल्याकडे त्या परदेशातून येत. १९२२ मध्ये, स्वदेशीच्या वाऱ्यात, मुंबईत फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी ‘भारत’ हे नाव देऊन लाद्यांचा कारखाना काढला. मुंबईच्या कितीतरी जुन्या इमारतींच्या जिन्यांत आणि दिवाणखान्यांत आजही आपण त्या घराण्यातल्या लाद्यांवरून चालतो. ही लादी भट्टीत भाजत नाहीत. धातूच्या साच्यात नक्षीचे कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात पांढरं सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंग यांचं पातळ मिश्रण ओततात. साचा अलगद उचलतात, मागच्या बाजूनं जवळजवळ कोरडा सिमेंट-रेतीचा माल भरतात आणि दाबयंत्राखाली दाबतात. कोरडा माल पुढच्या थरातलं जादा पाणी शोषून घेतो. मग लादी पाण्यात. आग नाही, झिलई नाही; दाब, पाणी आणि दिवस. रंगाचा थर काही मिलिमीटरचा असतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी झिजली तरी नक्षी पुसली जात नाही.

ज्यांना लादी परवडत नव्हती, त्यांनी लाल कोबा केला. कोकणात, गोव्यात, घाटावरच्या वाड्यांत, तिकडे केरळात आणि बंगालमध्ये या लाल जमिनी घरोघर झाल्या. ब्रिटिश वास्तुविशारद लॉरी बेकर १९४५ मध्ये भारतात आले आणि इथलेच झाले. केरळातल्या आपल्या स्वस्त आणि सुंदर घरांत त्यांनीही हीच लाल जमीन पसंत केली. या कोब्यात रंग सगळ्या जाडीत नसे. खाली विटांचे तुकडे आणि चुना किंवा साधं काँक्रीट, आणि वर रंगीत सिमेंटचा पातळ थर. त्यामागे काटकसर होती. सिमेंट कित्येक वर्षं परमिटवर मिळे. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः उठलं आणि १९८९ मध्ये पूर्ण. ज्या घरात सिमेंटची प्रत्येक गोणी मोजून येत होती, तिथं तळापासून वरपर्यंत रंग घालण्याची चैन कोण करणार?

अमेरिकेत मात्र ती चैन रुजली. १९१५ मध्ये लिन मेसन स्कोफील्ड यांनी काँक्रीटच्या रंगांचा धंदाच सुरू केला. १९३७ मध्ये फ्रँक लॉइड राइट या प्रख्यात वास्तुविशारदानं मॅडिसन गावी जेकब्ज नावाच्या पत्रकारासाठी एक बेताच्या खर्चाचं घर बांधलं. त्याच्या लाल काँक्रीटच्या जमिनीखाली ऊब देणाऱ्या नळ्या होत्या. गालिचा नाही, फरशी नाही. जे काँक्रीट पायाखाली आहे तेच शेवटचं. इथून एक विचार पुढे आला. काँक्रीट झाकायचंच नसेल तर ते मुळातच नीट दिसलं पाहिजे. आणि नीट दिसायचं असेल तर आज ओतलेला तुकडा आणि उद्या ओतलेला तुकडा सारखा आला पाहिजे. इथंच खरी अडचण सुरू होते. वरून लावलेला रंग बिघडला तर दुसरा हात मारता येतो. पोटातला रंग बिघडला तर तोडण्याशिवाय इलाज नाही.

तो बिघडतो कशानं? बहुतेकांना वाटतं, रंग कमी पडला किंवा हलका निघाला. क्वचित तसं असतंही. पण बहुतेक वेळा गुन्हेगार असतो पाणी.

हे जरा समजून घेऊ. सिमेंटला घट्ट होण्यासाठी ठरावीक पाणी लागतं. त्याहून जास्त घातलं तर जादा पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवून जातं. त्या छिद्रांत उजेड विखुरतो आणि पृष्ठभाग फिकट दिसतो. रंग तोच, सिमेंट तेच, रेती तीच. एका घाणीत बादलीभर पाणी जास्त पडलं की ती खोली शेजारच्या खोलीपेक्षा फिकी. माल जड वाटला म्हणून ‘जरा पाणी सोड रे’ असं कोणी ओरडलं, की तो ओरडा घर असेपर्यंत जमिनीवर दिसत राहतो.

म्हणून पहिला नियम मोजण्याचा. रंग सिमेंटच्या वजनाच्या शेकड्यात मोजतात. घमेल्यानं किंवा मुठीनं नाही. साधारणपणे शंभराला एक ते सहा या दरम्यान. ५० किलोच्या गोणीला पाच टक्के म्हणजे अडीच किलो. पाच-सहा टक्क्यांच्या पुढे रंग फारसा गडद होत नाही, खर्च मात्र वाढतो. आणि दहा टक्क्यांच्या वर गेलं तर मजबुतीला धोका. रंगाचा कण सिमेंटच्या कणाहून कितीतरी बारीक असतो आणि पिठासारखा त्याचा गोळा बनतो. म्हणून तो आधी खडी-रेतीबरोबर मिक्सरमध्ये फिरवतात. खडी त्याचे गोळे फोडते. मग सिमेंट, मग बहुतेक पाणी, आणि उरलेलं पाणी शेवटी बेतानं. रेती ओली असेल तर तिच्यातलं पाणीही हिशेबात धरावं लागतं. पावसाळ्यातली रेती आणि उन्हाळ्यातली रेती एकच नव्हे. प्रत्येक घाणी तेवढीच, तेवढाच वेळ फिरवलेली, आणि मिक्सर आधी स्वच्छ धुतलेला.

दुसरा नियम, सामान बदलायचं नाही. दोन कारखान्यांचं सिमेंट दोन छटांचं असतं. राख मिसळलेलं वेगळं, स्लॅग मिसळलेलं आणखी वेगळं. नदीची रेती संपली म्हणून मध्येच दगडाचा चुरा आणला तर छटा बदलते. आणि जमीन झिजू लागली की रेतीचा रंग वर येतो तो निराळाच. कामाला लागेल तेवढं सगळं सामान आधीच एका खेपेचं आणून ठेवावं. माल लवकर घट्ट व्हावा म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालणारे असतात. रंगीत कामात ते घातलं की डाग ठरलेलेच. आणि सगळ्यात आधी एक नमुना करून पाहावा, त्याच माणसांनी, त्याच सामानातून, आणि तो पुरता वाळू द्यावा. ओल्या मालाचा रंग गडद दिसतो. त्यावर भुलून पसंती देऊ नये. सिमेंटच्या मजबुतीची परीक्षा २८ दिवसांनी घेतात. रंगाचा निकालही साधारण तेवढाच वेळ मागतो.

तिसरा नियम माल टाकण्याचा. खालची जमीन सगळीकडे सारखी ओलसर हवी, पण डबकं नको. अर्धी कोरडी असेल तर ती पाणी पिते आणि वर गडद ठिपका उमटतो. एक चौकोन एका दमात भरावा. जेवणाच्या सुट्टीत अर्धा सोडून गेलं तर तिथली रेघ कायमची. माल टाकल्यावर थोडं पाणी वर येतं. ते उडून जाईपर्यंत थापी लावायची नाही. या वाट पाहण्यातच गवंड्याची कसोटी असते. घाई झाली की कोणी वरून कोरडं सिमेंट भुरभुरतो, कोणी थापी सहज फिरावी म्हणून पाण्याचा हबका मारतो. दोन्हीनं चट्टे पडतात. घोटायचं तेही सारख्या हातानं. एकाच जागी लोखंडी थापी फार घोटली की ती जागा काळवंडते. कोपऱ्यात हात जरा जास्त फिरतो, म्हणून पुष्कळ जमिनींचे कोपरे गडद असतात. ज्याला माहीत आहे त्याला त्या कोपऱ्यात गवंड्याचं मनगट दिसतं.

चौथा आणि सर्वांत दुर्लक्षित नियम पाणी मारण्याचा. हे ऐकून कोणी म्हणेल, आत्ताच तर पाण्याला गुन्हेगार ठरवलंत! पण कालवतानाचं पाणी वेगळं आणि घट्ट झाल्यावरचं वेगळं. घट्ट होत आलेल्या काँक्रीटला बाहेरून ओलावा मिळाला नाही तर त्याची वाढ खुंटते. भारतीय मानकानुसार, २००० सालच्या आयएस ४५६ प्रमाणे, साध्या पोर्टलंड सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या, उष्ण हवेत किमान दहा दिवस ओलावा टिकवायला हवा. रंगीत कामात आणखी एक अट येते. ओलावा सगळीकडे सारखा हवा. गोणपाट इथं चिकटलं आणि तिथं उचललं गेलं, प्लास्टिकच्या कागदाला सुरकुत्या पडल्या, की त्या सुरकुत्यांचा नकाशा जमिनीवर छापला जातो. गोणपाट स्वतःच रंगीत किंवा मळकं असेल तर त्याचाही डाग उतरतो. म्हणून अलीकडे वरून फवारायची, ओलावा आत कोंडून ठेवणारी द्रावणं वापरतात. त्यांनी पाणीही वाचतं. ज्या तालुक्यांत प्यायचं पाणी टँकरनं येतं, तिथं ही बाब रंगाहून मोठी आहे.

इतकं करूनही काही महिन्यांनी पांढुरकी साय आली तर लगेच रंग उडाला असं म्हणू नये. काँक्रीटमधला मोकळा चुना पाण्याबरोबर वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याची गाठ पडते आणि त्याची खडू होते. आपल्याकडे याला लोणा म्हणून हिणवतात. रंग त्याच्या खाली सुखरूप असतो. पुष्कळदा दोन-चार पावसाळ्यांत ती साय धुऊन जाते. रंगाला दोष देण्याआधी एवढा धीर धरला तर कितीतरी भांडणं वाचतील.

आणि भांडणं होतात हे खरं आहे. हा विषय मला इतिहासापुरता ठेवता येत नाही तो याच कारणासाठी. जमिनीवर चट्टा दिसला की मालक गवंड्याचे पैसे कापतो. गवंडी म्हणतो, रंग तुम्ही आणला. दुकानदार म्हणतो, पाणी जास्त झालं. आता आपण वर जे नियम पाहिले ते कोण पाळतं ते आठवा. पाण्याची बादली मिक्सरमध्ये ओतणारा पोऱ्या असतो. रेती चाळणारी बाई असते. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारणारं कुटुंब बहुतेक बांधकामावरच झोपडी करून राहणाऱ्या वॉचमनचं असतं. कारागिरीची सगळी भिस्त त्या जागेवरच्या सर्वांत कमी मजुरीच्या माणसांवर असते. रंग का बिघडतो हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ‘पाणी मार’ एवढं सांगतात, ‘का’ ते सांगत नाहीत. उलट ओलं सिमेंट कातडी खातं, हाताला फोड आणतं, हे माहीत असूनही त्यांना हातमोजे आणि रबरी बूट मिळतीलच असं नाही. ज्या हातांनी रंग सारखा कालवायचा, ते हात सोललेले असतील तर सारखेपणाची अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची?

गेल्या तीस-चाळीस वर्षांत या जमिनींचे दिवस फिरले. आधी मोझॅक आली, मग चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल. लाल कोबा गरिबीची खूण ठरला आणि घणानं फुटू लागला. त्याच सुमारास जगात उलटा वारा वाहत होता. २००९ मध्ये पोर्तुगालच्या कॅश्कायश गावात एदुआर्दो सोतो दे मोरा या वास्तुविशारदानं पाउला रेगो या चित्रकर्तीच्या संग्रहालयाची इमारत लाल काँक्रीटची उभारली. पिरॅमिडसारखे दोन लाल मनोरे, झाडांच्या हिरव्यात उभे. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला हिरवट काँक्रीटच्या पट्ट्यांवर तिथल्या प्रसिद्ध लेसची नक्षी उठवलेलं कलादालन उघडलं. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकासाठी जोहान्सबर्गच्या मैदानाला मातीच्या छटांच्या काँक्रीट पट्ट्यांचं, भोपळ्याच्या भांड्यासारखं रूप दिलं गेलं. आता आपल्याकडेही शहरातल्या नव्या बंगल्यांत लाल जमीन पुन्हा मागतात, आणि त्यासाठी जुना हात असलेला मिस्त्री शोधत फिरतात. तो सापडणं कठीण झालं आहे. मध्यंतरी काम नव्हतं, म्हणून त्यानं ते मुलाला शिकवलं नाही. मुलगा टाइल बसवतो.

विद्या हरवते ती अशी. तिला कोणी जाळत नाही, पुरत नाही. एका पिढीला तिचे पैसे मिळत नाहीत, एवढं पुरतं. रंग आज पूर्वीपेक्षा चांगला मिळतो, सिमेंटही मुबलक आहे, मोजायला काटे आहेत. कमी आहे ते वरचं पाणी उडून जाईपर्यंत थापी हातात धरून थांबणारं माणूस, आणि त्या थांबण्याचीही मजुरी देणारा मालक. तुमच्या घरी कधी असं काम निघालं, तर रंगाची वही चाळण्याआधी दोन गोष्टी करा. एक, नमुन्याचा चौकोन करून घ्या आणि महिनाभर थांबा. दुसरी, कालवणाऱ्यापासून पाणी मारणाऱ्यापर्यंत सगळ्यांना त्या चौकोनाभोवती बोलवा आणि मिस्त्रींना म्हणावं, हे असं का झालं ते या सगळ्यांना समजावून सांगा. त्याला फार तर एक तास लागेल. तुमची जमीन पुढे पन्नास वर्षं तुमच्या पायाखाली असणार आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)